आजीची जोडवी, आईची अंगठी: मेणावरून चांदीचं ओतकाम (दोन खेपा फसल्या, मदत हवी आहे)

रानबकुळ | ७ जून, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इथे दागिने घडवणारे, भट्टीपाशी आयुष्य घालवलेले बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय. लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर नेमकं उत्तर मिळणार नाही.

माझ्याकडे आजीची चांदीची दोन जोडवी आहेत. जाडजूड, आणि खालच्या बाजूने चालून चालून सपाट झालेली. तिच्या परसात बकुळ होती. येत्या दिवाळीत आईला साठ पूर्ण होतात. तिच्यासाठी या जोडव्यांची एक अंगठी करायची, वर बकुळीचं एकच फूल, असं मनात आहे. सोनाराकडे टाकली असती तर आठवड्यात झाली असती, पण ही मला माझ्या हाताने करायची आहे.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी अंगठी मेणात कोरायची. तिला मेणाचीच काडी जोडायची, हा पुढे चांदीचा आत जायचा रस्ता. मग ती पत्र्याच्या नळकांड्यात उभी करून भोवती जिप्सम आणि सिलिकाची कास्टिंग पावडर पाण्यात कालवून ओतायची. घट्ट झालं की नळकांडं भट्टीत. मेण वितळून, जळून निघून जातं, आत अंगठीच्या आकाराची पोकळी उरते आणि तिच्यात चांदी जाते. साचा फोडल्याशिवाय अंगठी हाती येत नाही, त्यामुळे चुकलं की पुन्हा मेण कोरण्यापासून सुरुवात.

मेण मी कोरीव कामाचं, हिरवं, कडक घेतलं. फूल कोरायला सुकलेली बकुळ टेबलावर ठेवली होती. नीट पाहिलं तर बकुळीच्या पाकळ्या पाकळ्यांसारख्या नसतातच, अरुंद टोकदार पात्यांची दोन-तीन चक्रं असतात आणि मधे आरपार भोक, ज्यातून आपण दोरा ओवतो. शिवणाच्या सुईला लाकडी दांडी बसवून तिने एकेक पातं काढलं. सुई दिव्यावर किंचित गरम केली तर मेण सुटत जातं, जास्त झाली तर शेजारचं पातंही वितळतं. या एका फुलाला चार संध्याकाळी लागल्या.

भट्टी मैत्रिणीच्या कुंभारकामाच्या स्टुडिओतली. व्हॅक्यूम पंप नाही, गरगर फिरवून ओतायचं यंत्रही नाही, म्हणून वाफेवरचं ओतकाम केलं. साच्याच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा ठेवायचा, भट्टीतून काढल्यावर त्या खळग्यातच गॅसच्या टॉर्चने चांदी वितळवायची, आणि बरणीच्या पत्र्याच्या झाकणात भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या घड्या बसवून ते झाकण वरून गच्च दाबायचं. वाफ होते आणि चांदी आत ढकलली जाते. झाकणाला लांब लाकडी मूठ आहे, हातात चामड्याचे मोजे.

दोन्ही खेपा बाजारातून आणलेल्या ९२५ चांदीवर (हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी) केल्या. जोडव्यांना अजून हात लावलेला नाही.

पहिल्या खेपेला अर्धीच अंगठी आली. स्वयंपाकघरातला छोटा टॉर्च होता, चांदी वितळायला इतका वेळ लागला की तोवर साचा निवला. ते कारण मला कळलं, मोठा टॉर्च आणला.

दुसऱ्या खेपेला अंगठी पूर्ण आली. साचा पाण्यात बुडवल्यावर फसफसून फुटला आणि ती वर दिसली तेव्हा मी रडले. पण धुतल्यावर पाहिलं, फुलाच्या मधल्या भोकात मोहरीएवढा चांदीचा गोळा अडकलेला, पाकळ्यांवरही दोन-तीन बारीक मणी. ते खरवडता येतील. खरं दुःख पुढे आहे. फुलाच्या खालच्या बाजूला कानस मारली आणि आत भोकंच भोकं निघाली. जितकं घासावं तितकी नवी.

ही भोकं कशाने? चांदी वाईट होती का? जोडव्यांवर एकदाच संधी मिळणार आहे, म्हणून आधी विचारतेय.

---

पेठेतला सोनार | ७ जून, रात्री ११.१५

ताई, पहिल्यांदा सांगतो, बिना पंपाच्या साच्यात फूल पूर्ण उतरलं म्हणजे हात चांगला आहे.

तुमच्या अंगठीला दोन वेगळे आजार आहेत, ते एकत्र धरू नका. वरचे मणी म्हणजे कालवलेल्या पावडरीतली हवा. बुडबुडा मेणाला चिकटून राहिला, साचा घट्ट झाला, मेण गेलं तेव्हा बुडबुड्याची जागाही रिकामीच होती, तिथे चांदी भरली. बकुळीच्या भोकात तर बुडबुडा हमखास अडकणार. यावर उपाय सोपा आहे. मेणाची अंगठी आधी साबणाच्या अगदी पातळ पाण्यात बुडवून सुकवा, म्हणजे कालवण अंगाला धरतं. मग मऊ कुंचल्याने आधी फुलात, भोकात, आतल्या अंगाला कालवण भरा, आणि नंतरच नळकांडं भरा. भरताना बाजूने, धार बारीक ठेवून. भरल्यावर टेबलाला खालून टकटक करत राहा.

आतली भोकं हा दुसरा आजार. त्याबद्दल माझ्यापेक्षा ओतकामाचा माणूस नीट सांगेल, आमचं घराणं घडीव कामाचं. तरी एक विचारतो, मेणाची काडी कुठे जोडली होती?

आणि जोडव्यांबद्दल. सांधा असेल तर तिथे झाळ असते. जुन्या दुरुस्तीत कुणी कथलाची झाळही मारलेली असते. कथील किंवा शिसं थोडं जरी चांदीत गेलं तरी चांदी ठिसूळ होते, वाकवली की तडकते. आटवण्याआधी सांध्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी कापून बाजूला काढा. कानशीचा लोखंडी कीस राहिला असेल तर लोहचुंबक फिरवा. आणि कसोटीवर टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध आहे ते, पाहून घ्या. डोळ्याने चांदीचा टंच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

---

तिन्हीसांज | ८ जून, सकाळी ७.३०

मी तांत्रिक काही सांगू शकत नाही, पण मनापासून लिहिते. जोडवी आटवू नका.

माझ्या सासूबाईंनी त्यांच्या आईचे वाळे मोडून ताट-वाटी केली. सुंदर झाली. पण त्या गेल्यावर आम्हाला कळलं की वाळ्यांचा एक फोटोसुद्धा कुणाकडे नाही. तुमच्या आजीच्या पायाने झिजलेली जी सपाट बाजू आहे ना, ती वितळली की गेली. धातू तोच राहील, पण ती झीज परत येणार नाही. अंगठी बाजारच्या चांदीची करा, आईला तुमच्या हाताचंच कौतुक असणार आहे.

---

रानबकुळ | ८ जून, दुपारी १.०५

सोनारकाका, काडी मी अंगठीच्या खालच्या बाजूला, म्हणजे फुलाच्या बरोबर समोर जोडली होती. फुलाला धक्का लागू नये आणि कापल्यावर घासायला सोपं जावं म्हणून. तीन बारीक काड्या, प्रत्येकी सव्वा मिलिमीटर. वाफेच्या पद्धतीत जाड काडी चालत नाही, दाबायच्या आधीच चांदी आपल्या वजनाने आत गळते आणि अर्ध्यात गोठते.

तिन्हीसांज, तुमचा प्रतिसाद वाचून दोन तास काही सुचलं नाही. ती झीज मी इतक्यांदा बोटाने चाचपली आहे. आईशी बोलायला हवं, तिला न विचारता हे ठरवायचा मला हक्क नाही.

---

भट्टीवाला | ८ जून, रात्री १०.४०

कोल्हापूरला फाउंड्रीत पंचवीस वर्षं काढली. आमचं काम लोखंडाचं, किलोवर नाही तर टनावर चालतं, पण गोठण्याचा नियम आठ ग्रॅमच्या अंगठीलाही तोच.

ताई, आधी एक करा. दहापट भिंग घ्या आणि त्या भोकांकडे पाहा. भोकं गोल, गुळगुळीत असतील तर तो वायू आहे. वितळलेली शुद्ध चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन पोटात घेते आणि गोठताना तो बाहेर टाकते. ज्योत चुकीची ठेवली किंवा चांदी उगाच तापवत ठेवली की हे होतं. भोकं वेडीवाकडी, कडा फांद्यांसारख्या असतील तर ती आकसण्याची पोकळी. ते पाहून सांगा, मग पुढचं बोलू.

---

रानबकुळ | ९ जून, सकाळी ८.२०

पाहिलं. वेडीवाकडी आहेत. एका भोकात तर आत नेच्याच्या पानासारखी बारीक नक्षी दिसते, चकाकणारी. सगळी फुलाच्या बुडाशीच एकवटलेली, खालचा पट्टा स्वच्छ आहे.

---

भट्टीवाला | ९ जून, रात्री ९.३०

मग तुमच्या चांदीचा काही दोष नाही. त्या अंगठीचं काय होणार हे तुम्ही मेणाची काडी चिकटवली त्याच संध्याकाळी ठरलं होतं. टॉर्च पेटायच्या कितीतरी आधी.

सगळे धातू नाही, पण चांदी गोठताना आकसते. आकारमान चार-पाच टक्क्यांनी कमी होतं. बारीक भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी. शेवटी गोठणाऱ्या भागाला कुणीतरी पातळ धातू पुरवत राहायला हवा, नाहीतर तिथे पोकळी राहणारच. तुमच्या अंगठीत सगळ्यात जाड काय? फूल आणि त्याचं बूड. आणि रस्ता कुठून? समोरून, बारीक काड्यांतून, मग बारीक पट्ट्यातून. काड्या गोठल्या, पट्टा गोठला, आणि फूल आत एकटं पातळ राहिलं. त्याला चांदी द्यायला मागे कुणीच नव्हतं. ती नेच्याच्या पानासारखी नक्षी म्हणजे चांदीचे स्फटिक. पातळ धातू मागे ओढला गेला म्हणून ते उघडे पडले.

आमच्याकडे यासाठी रायझर ठेवतात, धातूचा साठा. तुम्हीही तेच करा. तीन बारीक काड्या वाटीच्या तळाशी राहू द्या, चांदी अडवायला त्या हव्याच. पण त्या थेट अंगठीला जोडू नका. त्यांच्याखाली मेणाचा एक मणी करा, फुलाच्या बुडापेक्षा नक्की जाड, समजा साडेपाच-सहा मिलिमीटर. त्या मण्यातून दोन आखूड पाय काढा, प्रत्येकी अडीच ते तीन मिलिमीटर जाड, आणि ते अंगठीच्या दोन्ही खांद्यांवर, फुलाच्या अगदी लगत टेकवा. सांध्याला कोपरा ठेवू नका, मेण भरून गोलाई द्या. टोकदार कोपऱ्यावरून धातू जाताना साच्याचा कण तुटून आत जातो.

आता अंगठीचा पट्टा आधी गोठेल, मग फूल, सगळ्यात शेवटी मणी. भोकं पडायची ती मण्यात पडतील. पडू देत, तो कापूनच टाकायचा आहे.

आणखी दोन गोष्टी. एक, टॉर्चची ज्योत चांदीवर ठेवा, साच्यावर नको. जिप्समचा साचा फार तापला की त्यातला गंधक सुटतो आणि चांदीला खातो. मेण पूर्ण न जळता काजळी मागे राहिली असेल तर हे आणखी लवकर होतं. म्हणून भट्टीही ७३० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका. दोन, ९२५ चांदी ८०० च्या आसपास नरम पडायला लागते आणि ८९० अंशांच्या पुढे पूर्ण पातळ होते. टाकणखाराची चिमूट टाका. पृष्ठभाग आरशासारखा झाला, गोळा थरथरत एकसंध फिरायला लागला की चार-पाच सेकंदांत दाबा. आणखी तापवण्यात फायदा नाही, नुकसान आहे.

---

निशिगंध | १० जून, सकाळी ११.००

कुंभारकाम करते, म्हणून माझ्या बाजूचं लिहिते. हे कुणीच अजून लिहिलं नाही याची काळजी वाटली.

कास्टिंग पावडरमध्ये बारीक स्फटिकी सिलिका असते. ती फुप्फुसात गेली की परत निघत नाही. पाकीट उघडताना, कालवताना आणि साचा फोडून साफ करताना एन ९५ मास्क लावा, कापडी रुमाल नको. सांडलेली पावडर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मेण जळताना निघणारा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत जीवघेणा ठरू शकतो. भट्टी उघड्या जागी किंवा चांगल्या एक्झॉस्टखाली असू दे. वाफेच्या झाकणाशी चेहरा वाकवू नका, डोळ्यांवर चष्मा हवाच. चांदीचा एक थेंब उडाला तरी पुरे.

पावसाळ्याचंही लक्षात ठेवा. जूनमध्ये पावडरचं पाकीट उघडं राहिलं की ती हवेतला ओलावा ओढते. दमटलेल्या पावडरीचा साचा कमजोर होतो, भट्टीत तडकतो आणि त्या तड्यांतून दागिन्याला पातळ पापुद्रे फुटतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

---

फ्लास्क नंबर सात | १० जून, रात्री ११.५०

मुंबईत कास्टिंगच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे रोजचं काम झाडाचं चालतं. मेणाच्या मधल्या जाड दांड्यावर फांद्यांसारखे पीस लावायचे, एका झाडावर शंभराच्या पुढेही जातात. पावडर व्हॅक्यूममध्ये कालवायची, रात्रभर बर्नआउट, म्हणजे भट्टीत मेण जाळणं, सकाळी ओतायचं. ताईंनी एका अंगठीसाठी जे चार संध्याकाळी बसून केलं तसं आम्हाला बघायलाही मिळत नाही. आमचं मूळ मेण हल्ली बहुतेक प्रिंटरमधून येतं.

एक सांगतो, कारण यात लोक फसतात. घरची चांदी घेऊन कुणी जॉब कास्टिंगला, म्हणजे मजुरी देऊन ओतून घ्यायला, आलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं नाही, तर ती चांदी वजनावर जमा होते आणि अंगठी दुसऱ्याच मुशीतल्या धातूची मिळते. कुणी मुद्दाम लबाडी करतं असं नाही, झाडाला एकच मूस असते. माझ्याच मावशीची नथ एका ठिकाणी अशी गेली. तिला तिच्या आईचं सोनं हवं होतं, मिळालं तेवढ्याच वजनाचं सोनं. "माझाच धातू, वेगळा फ्लास्क" (फ्लास्क म्हणजे साच्याचं नळकांडं) असं लिहून घ्या, जास्त पैसे द्या, जमलं तर समोर उभे राहा.

आमचं बर्नआउटचं वेळापत्रक देतो, छोट्या नळकांड्याला चालेल. कालवण १०० ग्रॅम पावडरला ४० मिलि पाणी. हातात साधारण नऊ मिनिटं असतात, त्यात कालवून, हवा काढून, भरून व्हायला हवं. मग दोन तास हलवायचं नाही. भट्टीत तोंड खाली करून ठेवा. १५० अंशांवर दोन तास, ३७० वर दोन तास, मग हळूहळू ७३० वर तीन तास. तिथून उतरवून ५०० वर तासभर थांबवा आणि ५०० वरच ओता. दोनशे ते तीनशेच्या दरम्यान घाई करू नका. पावडरमधलं क्रिस्टोबलाइट (सिलिकाचाच एक प्रकार) तिथे एकदम फुगतं आणि साचा चिरतो.

चांदी किती घ्यायची? अंगठी, काड्या, मणी सगळं मेण एकत्र तोला, अकराने गुणा, वर पाच-सहा ग्रॅम वाटीत राहायला.

---

जुनी नाणी | ११ जून, दुपारी ४.१५

अकराने गुणा हे वाचलं आणि राहवलं नाही.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात मेणावरून मूर्ती ओतायची पूर्ण कृती आहे. मेणाची मूर्ती, तिला मेणाच्याच नळ्या, वर मातीचे थर, सावलीत सुकवणं, मग तापवून मेण काढणं, आणि नळीतून धातू सोडणं. त्यात प्रमाणही दिलंय, मेणाच्या बारापट चांदी. तुमचं अकरा आणि वर वाटीतलं थोडं, म्हणजे बाराच्या जवळपास येतं. मेण पाण्याहून किंचित हलकं, चांदी पाण्याच्या साडेदहापट जड, हिशोब तेव्हाही तोच होता. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथात आहे, म्हणून तो आपल्याला अधिक जवळचा.

आणि त्याच्याही कितीतरी मागचं दायमाबाद. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यात, १९७४ साली रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार ओतीव वस्तू मिळाल्या. सगळ्या भरीव, मिळून साठ किलोंच्या वर. रथ हाकणाऱ्या माणसाची कंबर आणि बैलांची शिंगं ज्याने मेणात वळवली असतील, त्यालाही धातू कुठून शिरेल याचा विचार करूनच नळ्या जोडाव्या लागल्या असणार.

---

किनारा | ११ जून, रात्री ८.४०

विषय थोडा बाजूला नेतो, पण रानबकुळताईंना सरावाला उपयोगी पडेल.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्रफेन वाहून येतो, माकलाच्या पाठीतला तो पांढरा हलका तुकडा. वैद्य औषधात घालतात, पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात. त्याची मऊ बाजू नखानेही दबते. दोन तुकडे घासून सपाट करायचे, मधे पितळेची साधी अंगठी दाबायची, उघडून ती काढायची, धातू जायला वरून नरसाळ्यासारखा रस्ता कोरायचा, तारेने बांधायचं आणि चांदी ओतायची. पावडर नको, भट्टी नको, मेण नको. दर वेळी अंगठीवर समुद्रफेनाच्या रेषा उमटतात, लाटा ओसरल्यावर वाळूत दिसतात तशा. बकुळ यात उतरणार नाही, पण चांदी कधी ओतण्याजोगी झाली हे डोळ्याला शिकवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. जळताना वास मात्र फार येतो, अंगणातच करा.

---

रानबकुळ | १५ जून, रात्री १०.१०

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत.

आईशी बोलले. जोडवी तिच्या हातात दिली. तिने बराच वेळ ती फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हे डाव्या पायातलं. आई डावीकडे जोर देऊन चालायची." मला हे कधीच माहीत नव्हतं. मग म्हणाली, "एक आटव, एक मला असंच दे." तिन्हीसांज, तुम्ही लिहिलं नसतं तर मी हे तिला विचारलंच नसतं.

म्हणजे डावं जोडवं आईकडे राहणार, उजवं अंगठीत जाणार. दोन्हींचे फोटो काढून ठेवले, वजन आणि माप लिहून ठेवलं. उजवं ११ ग्रॅम भरलं. बाकी चांदी बाजारची घालावी लागेल.

---

पेठेतला सोनार | १६ जून, सकाळी ९.००

आईंनी योग्य केलं. सांधा कापायला विसरू नका. मिसळल्यावर ती ९२५ राहीलच असं नाही, म्हणून आत शिक्का मारू नका. घरची अंगठी आहे, तिला शिक्क्याची गरज नाही.

आटवून आधी लगड करा, तिला ऐरणीवर चार घाव घाला. कडेला चिरा पडल्या नाहीत तर धातू चांगला आहे. पडल्या तर थांबा आणि मला दाखवा.

---

रानबकुळ | १३ जुलै, रात्री ११.३०

झाली.

घाईघाईत लिहितेय, पण क्रमाने सांगते. सांधा कापला. तिथे खरंच करड्या रंगाची रेघ होती, काका, तुमची शंका बरोबर निघाली. उरलेलं १० ग्रॅम जोडवं मुशीत टाकणखार घालून आटवलं, सोबत घालायला १० ग्रॅम ९२५ चांदीचे दाणे वेगळे ठेवले. लगडीवर घाव घातले, एकही चीर नाही.

फूल नव्याने कोरलं. या वेळी पाकळ्या थोड्या जाड ठेवल्या. मण्याला दोन पाय काढून ते खांद्यांवर टेकवले, सांधे गरम सुईने गोल केले. सगळं मेण १.३ ग्रॅम भरलं, म्हणजे चांदी १४.३, वर वाटीला साडेपाच. नळकांड्यात १५० ग्रॅम पावडर आणि ६० मिलि पाणी लागलं. भोकात कुंचल्याचं एकच केसाएवढं टोक घालून कालवण भरलं आणि भिंगातून पाहिलं, बुडबुडा नाही. भट्टी पहाटे लावली. दिवसभर पाऊस, आम्ही दोघी पत्र्याच्या शेडमध्ये मास्क लावून बसलो होतो.

चांदी खळग्यात टाकली तेव्हा जोडव्याच्या लगडीचा तुकडा वरती होता. तो आधी कडेने गळाला, मग बाजारच्या दाण्यांना घेऊन आत ओढला गेला, आणि एका क्षणी दोन्हींमधली रेघ पुसली. आरसा झाला. मी पाच मोजले आणि झाकण दाबलं. वीस सेकंद धरून ठेवलं. वर वाटीत उरलेल्या चांदीच्या गोळ्याची लाली जाईपर्यंत थांबलो, मग बादलीत.

फुलावर एकही मणी नाही. भोक आरपार मोकळं, त्यातून दोरा ओवून पाहिला. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड घालून तासभर ठेवली, लाकडी चिमट्यानेच काढली, मग रिठ्याच्या पाण्याने घासली. खांद्यांवरचे पाय कापून कानस मारली. घासत गेले, घासत गेले, आत सगळी घट्ट चांदी. फुलाच्या बुडाशीसुद्धा. पाकळ्यांच्या मधल्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून उकडलेल्या अंड्याच्या बलकासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवली. काळवंडल्यावर वरचा भाग तेवढा उजळून घेतला.

भट्टीवाला दादा, तुम्ही सांगितलेला मणी मी फेकला नाही. करवतीने मधोमध कापला. कडा सगळ्या घट्ट, आणि बरोबर मध्यावर खसखशीच्या दाण्याएवढी वेडीवाकडी पोकळी, आत तीच नेच्याच्या पानाची नक्षी. त्याचे दोन्ही अर्धे डबीत ठेवलेत, डाव्या जोडव्याशेजारी.

---

भट्टीवाला | १४ जुलै, सकाळी ६.५०

त्या कापलेल्या मण्याचा फोटो टाका ताई. आमच्याकडे नवीन पोरं आली आहेत, त्यांना दाखवायचा आहे.